मनीऑर्डर अर्थव्यवस्था (कोकण)

बाहेरगावी कमावणाऱ्या माणसाने पाठवलेल्या पैशावर घरे आणि गावे चालणारी ग्रामीण अर्थरचना. महाराष्ट्रात ही संज्ञा मुख्यतः जुन्या रत्नागिरी जिल्ह्यासाठी (१९८१ पासून रत्नागिरी व सिंधुदुर्ग) रूढ झाली.

दोन डोंगरांमधले चिंचोळे भातखाचर, वर जांभ्याचा कातळ, वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीत नाचणी-वरी आणि त्यावर खोताचा, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराचा हिस्सा, अशा शेतीत घरचे पीक वर्षभर पुरत नसे. १८५० च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या आणि १८८० मध्ये टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली. पुरुष मुंबईत आणि बायका, म्हातारी माणसे, मुले व जमीन गावी, अशी घराची विभागणी झाली.

पैसा उरत असे तो चाकरमान्याच्या, म्हणजे मुंबईत नोकरीला गेलेल्या कोकणी माणसाच्या राहणीमुळे. गिरणगावातल्या (मुंबईच्या गिरण्यांच्या वस्तीतल्या) चाळीत एकेका खोलीत गाववाले दाटीवाटीने राहत, गिरणीतल्या कामाच्या पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपत आणि खाणावळीत जेवत. पगार झाला की मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा. कमिशन अलीकडच्या काळात दर २० रुपयांना १ रुपया, म्हणजे ५ टक्के होते. घर चालवण्याएवढ्या छोट्या रकमांवर हा भार हलका नव्हता. फॉर्मच्या तळाच्या पट्टीवर चार ओळींचा निरोप मावे. गावी पोस्टमन सही किंवा साक्षीदारासमोर अंगठा घेऊन रोख मोजून देई आणि पोच मुंबईला परत जाई. फॉर्मवर नाव सासूचे की सुनेचे, यावर घरातला खर्च कोणाच्या हाती राहणार हे ठरे.

उशीर बहुधा शेवटच्या टप्प्यात होई. शाखा डाकघरात ठेवायच्या रोकडीला मर्यादा असल्याने सणाच्या तोंडावर मनीऑर्डरी एकदम आल्या की वरच्या कार्यालयातून रोख येईपर्यंत थांबावे लागे. पावसाळ्यात वाटाही बंद पडत. तोवर वाणी उधारीवर माल देई, कारण येणारी मनीऑर्डर हेच त्याचे तारण. पैसे आले की त्यातला मोठा वाटा आधी त्याच्या वहीत जाई.

या पैशाने उपासमार टाळली, मुले शिकली, शाळांच्या इमारती झाल्या. मुंबईतल्या ग्राममंडळांनी वर्गणीतून देवळांचे जीर्णोद्धार केले. उत्पादन मात्र त्या मानाने वाढले नाही. तेल, साखर, चहा, कापड सारे घाटावरून किंवा मुंबईहून येई, त्यामुळे पैसा वाण्यामार्फत जिल्ह्याबाहेर परते. गावात टिके तो चिरेखाण (जांभ्या दगडाची खाण), गवंडी आणि सुतार यांच्याकडे गेलेला, म्हणजे घरबांधणीचा. पुढे बँका आल्या, तरी ठेवींच्या मानाने स्थानिक कर्जवाटप कमीच राहिले. कोकणी माणूस आळशी म्हणून शेती मागे पडली, हे स्पष्टीकरण चुकीचे आहे. नांगर धरणारे हात मुंबईत होते आणि सातबाऱ्यावर चुलते-पुतण्यांची इतकी नावे होती की बांध घालायला किंवा विहीर खणायलाही सर्वांची संमती लागे. ती गणपतीत किंवा शिमग्याला सगळे जमले तरच मिळण्याची आशा. एकजण आला नाही की काम वर्षभर पुढे. अशी जमीन पडीक राहते आणि शेजारच्या पिकावर रानडुकरे व माकडे उतरतात.

एकाच धंद्यावर विसंबण्याची किंमत १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात कळली. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, मनीऑर्डरी आटल्या आणि अनेकजण गावी परतले. जे मुंबईत राहिले त्यांना गावाकडून तांदूळ जाऊ लागला. पैशाचा प्रवाह उलटा फिरला. दापोली, खेड, श्रीवर्धन पट्ट्यातल्या मुस्लिम कुटुंबांना तोवर आखाती देशांतून पैसा येऊ लागला होता. त्यांचा धोका वेगळा: तिथला व्हिसा संपला की मिळकतही संपते.

स्थलांतराची खूण जनगणनेतही दिसते. २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि २००१ च्या तुलनेत दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली होती.

१९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने कातळउतारावर आंबा-काजू वाढला, पण राखणीला माणसे गावात उरली नव्हती. आज रत्नागिरीच्या बागांतला राखणदार आणि मच्छीमार बोटीवरचा खलाशी बऱ्याचदा नेपाळी असतो. त्याची मजुरी आता कोकणातून नेपाळला जाते, आणि त्या देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे चौथाई एवढा पैसा बाहेर गेलेली माणसे पाठवतात.