इंग्लंडमधील कष्टकरी पूर्वजांचा कागदोपत्री शोध

शेतमजूर, खाणकामगार, गिरणीत सूत जोडणारी पोरे, घरोघरी धुणी धुणाऱ्या बायका, गोदीतले हमाल अशा इंग्लंडमधील साध्या माणसांचे आयुष्य सरकारी, चर्चच्या आणि धर्मादाय संस्थांच्या दप्तरांतून जुळवत नेण्याची ही पद्धत आहे. सरदार-जमीनदारांच्या वंशावळी फार पूर्वीपासून लिहिल्या जात असत. कष्टकऱ्यांच्या घरात मात्र जपून ठेवावेत असे कागद सहसा नसत. बहुतेकांकडे जमीन नव्हती, त्यामुळे मृत्युपत्राचा प्रश्नही येत नसे आणि अनेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्याविषयी जे उरले आहे ते दुसऱ्याच कोणीतरी लिहिलेले आहे. कोणी त्यांना मोजायला आला होता, कोणी मदत द्यायला, कोणी शिक्षा करायला. कागद हाती आला की त्यात काय लिहिले आहे याच्या आधी तो कोणी आणि कशासाठी लिहिला हे पाहावे लागते.

शोध नेहमी आजकडून मागे जातो. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी, फोटोमागची अक्षरे, जुना दाखला एवढ्यावर सुरुवात होते. त्यानंतरचा मुख्य आधार म्हणजे नागरी नोंदणी. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून होऊ लागली. जन्म कळवण्याची जबाबदारी आईवडिलांवर दंडासह पक्की झाली ती १८७५ पासून, त्यामुळे पहिल्या काही दशकांत बरीच मुले नोंदीतून सुटलेली आहेत. तिमाहीवार केलेल्या सूचीत नाव शोधायचे आणि मग दाखल्याची नक्कल मागवायची, हा त्यातला नित्याचा क्रम आहे.

या दाखल्यांमध्ये विवाहाचा दाखला सर्वांत भरीव असतो. वधूवरांचे वय, धंदा आणि पत्ता, दोघांच्या वडिलांची नावे व धंदे आणि साक्षीदार हे सारे एका ओळीत सापडते. वयाच्या रकान्यात पुष्कळदा नुसते ‘पूर्ण वय’ लिहिलेले असते. त्याचा अर्थ २१ किंवा त्याहून जास्त एवढाच, पंचेचाळीसही असू शकतात. आणि खाली सह्या. आपल्याकडे जिथे अंगठा उठवतात तिथे इंग्लंडात फुली मारत. पाद्र्याच्या वळणदार अक्षरात नाव, त्याला खेटून ‘हिची खूण’ अशी नोंद आणि मधोमध टाक घट्ट धरून काढलेली, एक रेघ लांब नि एक तोकडी अशी फुली. १८४०च्या सुमारास सही करता न आल्यामुळे खूण करणारे नवरदेव साधारण तिघांत एक होते आणि नवऱ्या जवळजवळ निम्म्या होत्या. कित्येक स्त्रियांच्या बाबतीत त्यांच्या स्वतःच्या हाताने कागदावर उमटलेली ही एकच गोष्ट आज शिल्लक आहे. ती नकलेवर समाधान न मानता मूळ रजिस्टरातच पाहावी, कारण नोंदणी कार्यालयाकडे गेलेल्या नकलेत ही खूणही नक्कल करणाऱ्याने काढलेली असते.

दुसरा आधार खानेसुमारीचा. ती १८०१ पासून दर दहा वर्षांनी होत असली तरी सर्व माणसांची नावे टिपलेली आणि जपलेली पहिली देशव्यापी खानेसुमारी १८४१ची. तीत पंधरा वर्षांवरील माणसांची वये पाचाच्या पटीत खाली ओढून लिहिण्याची सूचना होती, म्हणजे २९ वर्षांचा माणूस २५चा दिसतो. १८५१ पासून कुटुंबप्रमुखाशी नाते आणि जन्माचा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावाचा भाग, लिहू लागले आणि तिथून शोधाला खरी दिशा मिळते. शेतमजुरांची संख्या इतकी मोठी होती की गणनाकार त्यांच्यापुढे ‘ॲग लॅब’ (ॲग्रिकल्चरल लेबरर, म्हणजे शेतमजूर) एवढेच लिहीत. पानेच्या पाने हे दोन शब्द खाली उतरत जातात. १८९१ पासून पाचपेक्षा कमी खोल्या असतील तर त्यांची संख्याही नोंदवली आहे. दोन खोल्यांत नऊ माणसे असे वाचले की एका ओळीत ते घर डोळ्यांपुढे उभे राहते.

त्यातही १९११ची खानेसुमारी वेगळी आहे, कारण तोवर गणनाकाराच्या वहीतली नक्कलच मिळते आणि १९११ला घरातल्या माणसाने स्वतः भरलेला कागद मिळतो. त्या वर्षी विवाहित स्त्रियांबद्दल नवे प्रश्न विचारले होते. लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जिवंत जन्मली, त्यांपैकी किती हयात आहेत, किती वारली. नऊ, पाच, चार असे तीन आकडे शेजारी शेजारी. प्रश्न फक्त संख्येचा होता, तरीही अनेक घरांत बापाने गेलेल्या लेकरांची नावेही यादीत लिहिली आणि कार्यालयातल्या कारकुनाने ती नंतर लाल शाईने खोडली. खोडलेली असली तरी ती वाचता येतात. एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच भागात इंग्लंडमध्ये हजार जन्मांमागे दीडशेच्या आसपास अर्भके वर्षाच्या आत दगावत होती. या खोडलेल्या ओळी म्हणजे त्यांपैकीच काही मुले, आणि दोन खानेसुमाऱ्यांच्या मधे जन्मून गेलेल्या अशा मुलांचा पत्ता खानेसुमारीच्या कागदांत फक्त इथेच लागतो. गेलेल्या मुलाचेच नाव पुढच्या बाळाला ठेवण्याची रीत होती, त्यामुळे एकाच घरात एकाच नावाचे दोन जन्म दिसले तर त्याला चूक समजू नये.

१८३७च्या मागे जायचे तर चर्चची रजिस्टरे. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद प्रत्येक पॅरिशने ठेवावी असा हुकूम आठव्या हेन्री राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये काढला. १८१३ पासून त्यासाठी छापील नमुने आले आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा धंदा व राहण्याचे ठिकाण नियमाने येऊ लागले. त्याआधीची नोंद फार आखूड असते, ‘अमुकची मुलगी’ एवढी.

इथे कष्टकऱ्यांच्या इतिहासातली एक विलक्षण गोष्ट समोर येते. ज्यांचे कसेबसे भागत होते त्यांच्याविषयी कागद थोडे, आणि जे पार खचले त्यांच्याविषयी भरपूर. १६०१च्या कायद्याने गरिबांना पोसण्याचा भार पॅरिशवर टाकला आणि १६६२च्या कायद्याने कोणत्या पॅरिशवर कोणाचा हक्क हे ठरवायला सुरुवात केली. मदत मागणारा परगावचा निघाला तर त्याला न्यायाधीशापुढे उभे करून वस्तीहक्काची जबानी घेत. जन्म कुठे झाला, धंदा शिकायला उमेदवारी कोणाकडे केली, पूर्ण वर्षभर चाकरी कुठे केली, लग्न कधी झाले. भाकरीसाठी दारात आलेल्या माणसाकडून असे त्याचे सगळे आयुष्य वदवून घेतले जाई. जबानी विरुद्ध गेली की त्याला मूळ पॅरिशमध्ये परत पाठवण्याचा हुकूम निघे, कधीकधी बायको गरोदर असतानाही. शोध घेणाऱ्याला हा कागद सोन्यासारखा वाटतो. तो ज्याच्यामुळे तयार झाला त्याच्या आयुष्यातला तो बहुधा सर्वांत वाईट दिवस होता, याची जाण वाचताना सुटू नये.

१८३४च्या गरीब कायद्याने धडधाकट गरिबांना मदत वर्कहाउसमध्येच, म्हणजे निराधारांना ठेवून त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्या संस्थेत, देण्याचे धोरण आणले. आत जाताच नवरा, बायको आणि मुले यांना वेगवेगळ्या भागांत ठेवत. दाखल होण्याच्या व बाहेर पडण्याच्या रजिस्टरांत तारखा सापडतात, आणि एकच कुटुंब हिवाळ्यात आत नि पिकाच्या दिवसांत बाहेर असे वर्षानुवर्षे येत-जात असलेले दिसते. वर्कहाउसमध्ये जन्मलेल्या मुलांना तो डाग जन्मभर लागू नये म्हणून १९०४ पासून दाखल्यावर संस्थेचे नाव न घालता साधा रस्ता आणि घरक्रमांक लिहिण्याची प्रथा सुरू झाली. म्हणून त्यानंतरच्या दाखल्यावरचा पत्ता नकाशावर ताडून पाहावा.

तुरुंगाच्या आणि हद्दपारीच्या नोंदी त्याहून बारकाईच्या. १७८८ ते १८६८ या काळात ऑस्ट्रेलियाला पाठवलेल्या कैद्यांची संख्या १ लाख ६० हजारांच्या पुढे जाते आणि त्यांत कष्टकरीच जास्त होते. पळून गेलेला माणूस ओळखता यावा म्हणून त्यांची उंची, डोळ्यांचा रंग, देवीचे व्रण, हातावर गोंदलेली अक्षरे लिहून घेत. गावात राहिलेल्या त्याच्या भावाचे रूप कधीच कळत नाही, हद्दपार झालेल्याच्या मात्र दंडावर कोणाचे नाव होते तेही कळते. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाच्या १६७४ ते १९१३ या काळातील खटल्यांची छापील वृत्तांतेही आता शोधता येतात. त्यांत आरोपींइतकेच साक्षीदारही बोलतात, आणि साक्षीदारांत मोलकरणी, फेरीवाले, भाडेकरू असे सगळे असतात.

माणसाचे स्वतःचे बोलणे सापडणे मात्र दुर्मीळ. खाणींतल्या मुलांच्या कामाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा १८४२चा अहवाल म्हणूनच फार मोलाचा. यॉर्कशरमधील हॅलिफॅक्सजवळ कोळशाच्या गाड्या ढकलणारी सतरा वर्षांची पेशन्स कर्शॉ त्यात सांगते की पहाटे पाचला ती खाणीत उतरते आणि संध्याकाळी पाचला वर येते, तिला लिहिता-वाचता येत नाही, आईला दहा मुले आहेत, आणि डोक्यावर टक्कल पडले आहे ते गाड्या डोक्याने रेटून. त्याच वर्षीच्या कायद्याने स्त्रिया, मुली आणि दहा वर्षांखालचे मुलगे यांना जमिनीखाली कामाला लावण्यावर बंदी आली.

स्त्रियांचा माग सर्वांत लवकर हरवतो. लग्नानंतर आडनाव बदलते आणि खानेसुमारीत धंद्याचा रकाना पुष्कळदा कोरा राहतो. घरी बसून कपडे शिवणारी, भाडेकरूंचे जेवण रांधणारी, सुगीत शेतावर राबणारी बाई कागदावर काहीच करत नाही. अविवाहित आईच्या मुलाच्या दाखल्यावर बापाचा रकाना बहुधा रिकामा असतो. अशा वेळी पोटगीच्या हुकमांत किंवा मुलाला मुद्दाम दिलेल्या मधल्या नावात बापाचा धागा मिळू शकतो. विवाहाच्या दाखल्यावर तर मे २०२१ पर्यंत आईच्या नावाला जागाच नव्हती.

नावे कानाला ऐकू आली तशी लिहिलेली असतात. म्हणून एकाच माणसाचे आडनाव चार तऱ्हांनी सापडते, आणि जॉन स्मिथ एकाच गल्लीत तीन निघतात. वय, जन्मगाव, धंदा आणि शेजारी यांपैकी निदान दोन-तीन गोष्टी जुळल्याशिवाय माणूस आपला मानू नये. संकेतस्थळांवरच्या तयार वंशावळी उचलून आपल्या झाडाला लावणे हा या क्षेत्रातला सर्वांत मोठा घोळ आहे. एका शाखेतली चूक अशीच शेकडो घरांत पसरते.

काही माणसे महाराष्ट्रात येऊन थांबतात. मुंबई इलाख्यातल्या गोऱ्या शिपायांचे आणि रेल्वेच्या कामगारांचे बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने यांच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. इंग्लंडमधल्या खानेसुमारीतून अचानक नाहीसा झालेला एखादा विणकराचा मुलगा पुण्याच्या किंवा खडकीच्या छावणीतल्या दफनाच्या नोंदीत सापडू शकतो. नाशिकजवळच्या देवळालीला मुदत संपलेले शिपाई परतीच्या जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून राहत, आणि त्यातूनच ‘डोके फिरलेला’ या अर्थाचा ‘डूलॅली’ हा शब्द इंग्रजीत गेला.

विसाव्या शतकाकडे यावे तर दप्तराला मोठी भगदाडे आहेत. पहिल्या महायुद्धातल्या साध्या शिपायांच्या सेवानोंदींपैकी निम्म्याहून जास्त सप्टेंबर १९४०च्या बाँबहल्ल्यात जळाल्या. वाचलेल्यांच्या कडा करपलेल्या आहेत. १९३१ची खानेसुमारी डिसेंबर १९४२ मध्ये आगीत गेली आणि १९४१ला युद्धामुळे ती झालीच नाही. मधल्या काळासाठी २९ सप्टेंबर १९३९ला केलेली राष्ट्रीय नोंदणी तेवढी हाताशी आहे. खानेसुमारी शंभर वर्षे बंद ठेवतात. १९२१ची जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली, त्यामुळे तिच्यानंतर हाती लागेल अशी खानेसुमारी १९५१ची, आणि तिची शंभर वर्षे २०५१ मध्ये भरतात.