अठ्ठावन्न सेकंदांचं करायचं काय?

१०० मीटर फ्रीस्टाइल ६० सेकंदांत पोहणारा जलतरणपटू ध्येय म्हणून वहीत ‘५८’ लिहितो, तेव्हा त्याला फक्त दोन सेकंद दिसतात. पाण्याचा हिशेब वेगळा आहे. पाण्याचा रोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या. म्हणजे सरासरी वेग साडेतीन टक्क्यांनी वाढवायला, शरीराची ठेवण तीच राहिली तर, जवळपास ११ टक्के जास्त शक्ती हवी. नुसता जोर लावून हे साधणं कठीण. त्यापेक्षा रोध कमी करणं स्वस्त पडतं.

वळणाचंच बघा. भिंतीला लाथ मारून सुटताना वेग पृष्ठभागावर पोहतानाच्या वेगापेक्षा जास्त असतो. हात डोक्यापुढे घट्ट जुळवून शरीर बाणासारखं सरळ ठेवलं, तर तो वेग थोडा टिकतो. मान लगेच वर काढली की गेला. २५ मीटरच्या तलावात १०० मीटरमध्ये अशी वळणं तीन.

तर ‘५८’ हा निकाल झाला, त्यात करण्यासारखं काही नाही. ‘वळणानंतर पहिल्या स्ट्रोकला, म्हणजे हाताच्या पहिल्या फटक्याला, श्वास घ्यायचा नाही’ हे मात्र करता येतं. पण ताजेपणी सगळ्यांनाच करता येतं! दम लागल्यावर काय होतं, हा खरा प्रश्न.

इथे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचं ‘जर-तर’ नियोजन उपयोगी पडतं. नुसतं ‘मी करीन’ म्हणण्याऐवजी प्रसंग आणि कृती आधीच जोडून ठेवायची: ‘शेवटच्या सेटमध्ये भिंतीजवळ येताना दम लागला असेल, तर सुटताना हात घट्ट, श्वास दुसऱ्या स्ट्रोकनंतरच.’ गोलविट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात अशा नियोजनाचा ध्येयपूर्तीवर मध्यम ते मोठा परिणाम दिसला. प्रसंग समोर आला की कृती जवळजवळ आपोआप सुरू होते, त्या क्षणी विचार करत बसावं लागत नाही. माझ्या मते एका वेळी असं एकच वाक्य पुरे. पाच लिहिली की एकही आठवत नाही.

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी भरलं. भिंत दिसेना, तेव्हा तो स्ट्रोक मोजत पोहला आणि १:५२.०३ या विश्वविक्रमासह जिंकला. मोजदाद आधीपासून अंगवळणी होती, म्हणूनच ती कामी आली.

उरतं मन. ‘आज नको’ हा विचार येणारच. स्टीव्हन हेज यांनी विकसित केलेल्या स्वीकार आणि बांधिलकी उपचारपद्धतीत त्याच्याशी वाद घालत नाहीत. विचार असू द्यायचा, दम लागलेला असू द्यायचा आणि ठरवलेली कृती करायची. हे लागू होतं ते थकव्याला आणि कंटाळ्याला. खांद्यात कळ आली किंवा पाण्याखाली गरगरू लागलं, तर लगेच थांबून प्रशिक्षकांना सांगायचं. हे ‘जर-तर’ वहीत सगळ्यात आधी लिहावं.