आधी इंधन, मग यान

विज्ञानकथेतल्या यानांचे वर्ग पाडताना नवखा लेखक बहुधा आकारापासून सुरुवात करतो: लहान ते टेहळणीचे, मोठे ते मालवाहू आणि अगडबंब ते युद्धयान. भुसावळच्या यार्डातले इंजिन याहून जास्त सांगते. त्याच्यावरच्या ‘डब्ल्यूएजी’ या अक्षरांपैकी पहिले रुळांची रुंदी, दुसरे विजेचा प्रकार आणि तिसरे मालगाडीचे काम दाखवते. यानाचा वर्गही असाच, ते कशावर चालते आणि काय करते यावरून ठरवावा. आपल्या काल्पनिक ताफ्याला खान्देशातल्या नद्यांची नावे देऊ.

‘पांझरा’ हे पृथ्वीवरून कक्षेत जाणारे यान. रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्स्की यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेले रॉकेटचे समीकरण इथे कुणालाच चुकत नाही: हवा असलेला वेग आणि झोताचा वेग यांवरून किती इंधन लागेल ते त्यातून कळते. कक्षा गाठण्यासाठी, हवेचा विरोध आणि गुरुत्वाकर्षणाचा तोटा धरून, सेकंदाला सुमारे ९.४ किलोमीटर एवढ्या वेगाची तजवीज करावी लागते. आणि द्रव हायड्रोजन व ऑक्सिजन जाळून निघणारा झोत सेकंदाला जेमतेम साडेचार किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. परिणामी एकाच टप्प्यात जायचे, तर १०० टनांच्या यानात जवळपास ८८ टन इंधनच भरावे लागते आणि उरलेल्या १२ टनांत टाक्या, इंजिने, माणसे, सामान सगळे बसवावे लागते. इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटला घन, द्रव आणि क्रायोजेनिक (अतिथंड द्रव इंधनाचा) असे, रिकामे झाले की टाकून द्यायचे वेगवेगळे टप्पे आहेत ते याचमुळे. तेव्हा शेतात उतरून क्षणात पुन्हा उडणारे रासायनिक यान कथेत आणले, तर जाणकार वाचक तिथेच पान मिटेल.

‘गिरणा’ ग्रहाग्रहांमध्ये माल नेते. तिला उड्डाणाचा जोर नको, काटकसर हवी. अणुभट्टीत तापवलेला हायड्रोजन सेकंदाला आठ किलोमीटरहून अधिक वेगाने सोडता येतो, तर विद्युतभारित कण विजेने ढकलणाऱ्या आयन इंजिनातला झेनॉन वायू ३० किलोमीटरच्या घरात जातो. मात्र २००७ मध्ये निघालेल्या ‘डॉन’ यानाच्या अशा इंजिनाचा रेटा जास्तीत जास्त सुमारे ०.०९ न्यूटन, म्हणजे पृथ्वीवर नऊ ग्रॅम वस्तू तोलण्याइतकाच होता. तरीही वर्षानुवर्षे चालत राहून ते लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या आधी वेस्टाला आणि मग सीरीसला पोहोचले. अशा यानावरच्या खलाशांचे आयुष्य संथच असणार, आणि पाठलागाचा प्रसंग लिहायचा झाला तर तो महिनोन्‌महिने चालेल.

खरी अडचण ‘तापी’ची, कारण तिला दुसऱ्या ताऱ्याकडे जायचे आहे. १९७३ ते १९७८ या काळात ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीने ‘डीडॅलस’ या मानवरहित यानाचा आराखडा केला. ड्युटेरियम (जड हायड्रोजन) आणि हेलियम-३ यांच्या अणुकेंद्रांच्या संमीलनावर प्रकाशाच्या वेगाचा सुमारे १२ टक्के वेग गाठण्यासाठी त्यात ५०,००० टन इंधन धरले होते, आणि तेही ताऱ्याजवळ न थांबता पुढे निघून जाण्यासाठी. त्याच इंजिनाने थांबायचे म्हटले की वस्तुमानाचे गुणोत्तर, म्हणजे भरलेले यान रिकाम्या यानाच्या किती पट जड ते, स्वतःनेच गुणले जाते: नुसते जाताना दहापट लागत असेल, तर थांबताना शंभरपट.

शिवाय उष्णता. अवकाशात हवा नसल्याने ती केवळ प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपाने, टाकता येते. एक गिगावॉट निरुपयोगी उष्णता १,००० केल्व्हिन तापमानाला दोन्ही बाजूंनी सोडणारे आदर्श पत्रे घेतले, तरी त्यांचे क्षेत्र सव्वादोन एकरांच्या आसपास भरते. ‘तापी’चे चित्र काढताना हे तांबडेलाल तापलेले पंख आधी काढावेत आणि राहण्याच्या खोल्या त्यांच्यापासून दूर, त्यांच्याकडे कड करून बसवाव्यात.