सिकलसेलही दिव्यांगत्वच: प्रमाणपत्र, सोयीचा अर्ज आणि भेदभावाची तक्रार

"तुले का झालं? हातपाय तं धड आहेत." सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या माणसाला हे घरी ऐकावं लागतं, शाळेत ऐकावं लागतं आणि कामावरही. माझी धाकटी बहीण एसएस, म्हणजे सिकलसेलची रुग्ण आहे. दुखणं उठलं की चार-चार दिवस तिला पाय टेकवता येत नाही. पाचव्या दिवशी कशीबशी कॉलेजात गेली की हजेरीवरून बोलणी बसतात. तिच्यासाठी कागद गोळा करताना जे कळलं, ते इथे लिहिते आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियापासून मेळघाटापर्यंत कितीतरी घरांना ते लागेल.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार दिले आहेत आणि सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे तिन्ही आजार त्यात आहेत. पण वाहक (ज्याच्या रक्तात दोष एकाच पालकाकडून आलेला असतो) म्हणजे एएस आणि रुग्ण म्हणजे एसएस, हा फरक नीट समजून घ्या. वाहकाला दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही. आरोग्य विभागाकडून मिळालेलं लाल कार्डही दिव्यांग प्रमाणपत्र नव्हे. ते आजाराची नोंद दाखवतं, हक्क मागायला प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे यूडीआयडी या दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठीच्या सरकारी संकेतस्थळावर, ऑनलाइन भरायचा. मोबाइलवर जमत नसेल तर गावच्या आपले सरकार सेवा केंद्रातून भरून घ्या. आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि सही किंवा अंगठा एवढं लागतं. मग जिल्हा सामान्य रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासणीला जायचं. बोर्ड, म्हणजे तपासणी करणारं डॉक्टरांचं मंडळ, कोणत्या वारी बसतं ते आशाताईंकडून किंवा पीएचसीतून आधीच विचारून घ्या. दुखणाऱ्या पोराला घेऊन पहाटेची एसटी धरायची आणि तिथे 'आज बोर्ड नाही' ऐकून परतायचं, यासारखा त्रास नाही.

तपासणीला जाताना एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या रक्तचाचणीचा रिपोर्ट सोबत हवाच. नुसत्या सोल्युबिलिटी या प्राथमिक चाचणीवर भागत नाही, कारण त्यातून एएस की एसएस ते कळत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुने कागद. कितीदा भरती झालात, किती वेळा रक्त चढवलं, खुब्याचं हाड खराब झालं का, प्लीहेचा त्रास आहे का, हे बघून दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरते. आपल्याकडे डिस्चार्ज कार्ड चुलीजवळच्या फळीवर पडतं आणि पावसाळ्यात भिजून जातं. एक प्लास्टिकची फाइल घ्या आणि तारखेप्रमाणे सगळं लावून ठेवा. प्रमाणपत्र नाकारलं तर कारण लेखी मागा, त्यावर अपील करता येतं.

टक्केवारी 40 किंवा जास्त आली तर उच्च शिक्षणातल्या 5 टक्के राखीव जागा आणि 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क लागू होतो. सरकारी नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणाच्या यादीत मात्र रक्ताचे आजार नाहीत. हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर एजंट लोक त्याच आशेवर पैसे काढतात.

पण 40 पेक्षा कमी आली म्हणून हातपाय गाळू नका. आरक्षणाला 40 ची अट आहे, भेदभावापासूनच्या संरक्षणाला ती अट नाही. कलम 3 प्रत्येक दिव्यांग व्यक्तीसाठी आहे. आणि गरजेप्रमाणे साधी, परवडणारी सोय करून द्यायला नकार देणं, हाही कायद्याच्या भाषेत भेदभावच आहे.

म्हणून तक्रारीच्या आधी सोय मागा, आणि ती लेखी मागा. बहिणीसाठी आम्ही प्राचार्यांना दिलेला अर्ज साधारण असा होता:

"मला सिकलसेल (एसएस) आजार आहे. दिव्यांग प्रमाणपत्राची प्रत जोडली आहे. दुखणे उठल्यास वर्गात येता येत नाही. तरी रुग्णालयात भरती असलेल्या दिवसांची गैरहजेरी हजेरीच्या अटीतून वगळावी, वर्गात पाण्याची बाटली ठेवू द्यावी, मैदानी तासाला सक्ती करू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 3 व 16 नुसार ही विनंती आहे. निर्णय लेखी कळवावा."

दोन प्रती काढा. एक द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. पोच दिली नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. तोंडी बोलणं पुढे कुणाला आठवत नाही. आम्ही पहिले सहा महिने तोंडीच बोलत राहिलो, आणि विचारणा झाली तेव्हा दाखवायला आमच्याकडे काहीच नव्हतं. रोजगार हमीच्या कामावर हलकं काम हवं असेल तर असाच अर्ज ग्रामपंचायतीत द्यायचा.

नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे, पुण्याला. पोस्टाने पाठवता येते, त्यासाठी तिथे जावं लागत नाही. तुमचं नाव-पत्ता, कुणाविरुद्ध तक्रार आहे, काय घडलं ते तारखेनिशी, आणि नेमकं काय हवं आहे, एवढं लिहा. सोबत प्रमाणपत्र आणि पोच असलेल्या अर्जाची प्रत लावा. साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आयुक्तांना आहेत. त्यांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं, आणि शिफारस मानली नाही तर त्याचं कारण तुम्हालाही द्यावं लागतं. सरकारी नोकरीत भेदभाव झाला असेल तर आधी त्याच कार्यालयातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. त्याने दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय दिव्यांग समिती आहे.

चारचौघांत मुद्दाम अपमान केला, धमकावलं, तर ते प्रकरण वेगळं. कलम 92 खाली तो गुन्हा आहे, शिक्षा 6 महिने ते 5 वर्षे. त्यासाठी पोलीस ठाण्यात जायचं. कोण होतं, कुठे घडलं, काय शब्द वापरले ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.

वकिलाच्या खर्चाची धास्ती घेऊन बरेच जण इथेच थांबतात. दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत विधी सेवा मिळते. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, तिथे साध्या कागदावर अर्ज चालतो. जाणं जमत नसेल तर विधी सेवेच्या 15100 या हेल्पलाइनवर फोन करा आणि फाइल समोर ठेवून बोला, कारण तारखा विचारतात.