सात हजारांच्या पुढचे भाऊ

२५ फेब्रुवारीचा स्मृतिदिन जवळ आला की जळगावच्या वर्तमानपत्रांत जैन इरिगेशन या ठिबक सिंचन कंपनीचे संस्थापक भवरलाल जैन यांना अभिवादन करणारे लेख आणि जाहिराती सुरू होतात. त्यांत एक वाक्य हमखास असते: सात हजार रुपयांच्या भांडवलावर सुरू केलेला व्यवसाय जगभर पोहोचला. वाक्य खरे आहे, पण ते मधली तीस वर्षे गिळून टाकते. त्या वर्षांत काय घडले हे ठाऊक नसेल, तर कारखान्यातली माणसे त्यांना ‘मोठेभाऊ’ का म्हणत आणि बांधावरचा शेतकरी नुसतेच ‘भाऊ’ का म्हणे, याचा पत्ता लागत नाही.

भवरलालजींचा जन्म १२ डिसेंबर १९३७ चा, जामनेर तालुक्यातल्या वाकोदचा. अजिंठ्याच्या लेण्यांजवळून येणारी वाघूर याच गावाजवळून खाली उतरते. घराणे मूळचे मारवाडातले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोटापाण्यासाठी इकडे आले आणि शेतीत व छोट्या व्यापारात रुजले. खानदेशात अशी मारवाडी घरे गावोगाव आहेत. त्यांचे आणि शेतकऱ्यांचे नाते नेहमीच गोड होते असे म्हणता येणार नाही. उधारीच्या वहीत दोन्ही बाजूंच्या तक्रारी सापडतील. भवरलालजी त्याच वहीच्या जगातून आले, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

मुंबईत वाणिज्य आणि कायद्याचे शिक्षण झाले. सरकारी अधिकाऱ्याची नोकरी समोर आली होती, पण आई गौराई यांच्या सांगण्यावरून ती नाकारली, हे ते स्वतः सांगत. माणसांच्या, गुराढोरांच्या, पाखरांच्या उपयोगी पडेल असे काही कर, असा आईचा आग्रह होता. १९६३ मध्ये कुटुंबाची तीन पिढ्यांची शिल्लक असलेले ते प्रसिद्ध ७,००० रुपये रॉकेलच्या विक्रीत गुंतले. त्यानंतर एजन्सीमागून एजन्सी येत गेली. ट्रॅक्टर, मोपेड, बियाणे, खते, औषधे, पाइप. म्हणजे आज ज्याला आपण कृषी सेवा केंद्र म्हणतो तेच, जरा मोठ्या आकारात.

या दुकानदारीकडे लेखक मंडळी घाईने पाठ फिरवतात. मला मात्र पुढची सगळी घडण त्याच काउंटरवर झालेली दिसते. बियाण्याची पिशवी विकून दुकानदार मोकळा होत नाही. उगवण झाली नाही तर गिऱ्हाईक दारात उभे राहते, औषध लागू पडले नाही तर चार लोकांत नाव घेऊन सांगते. पीक बुडाले की उधारीही बुडते. शेतकऱ्याचे पीक नीट यावे यात दुकानदाराचाही रोकडा स्वार्थ असतो, आणि हा स्वार्थ भवरलालजींनी कधी लपवला नाही.

१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला पाण्याचा धडा दिला. विहिरी खोल गेल्या, विजेचे पंप आले, पाइपांची गरज वाढली. पण जैन यांची उद्योजक म्हणून पहिली मोठी उडी पाण्याशी संबंधित नव्हतीच. १९७८ मध्ये केळीची भुकटी करणारा एक बंद पडलेला कारखाना लिलावात निघाला. तो त्यांनी ३० लाख रुपयांना घेतला. गाठीशी असलेल्या पैशाच्या मानाने ही रक्कम अवाच्या सवा होती. त्यातून केळीची भुकटी काढायची सोडून त्यांनी पपईच्या चिकापासून पपेन (प्रथिने फोडणारे विकर) शुद्ध करायला घेतले.

पपेनचे काम पाहण्यासारखे असते. झाडावरच्या हिरव्या, कच्च्या पपईला भल्या पहाटे उभे बारीक चरे पाडतात. ऊन चढण्याआधी चीक भरभर ओघळतो, नंतर तो गोठतो. तो जमा करून वाळवायचा. हात जपावे लागतात, कारण या चिकाने कातडी चुरचुरते. औषधे, मांस मऊ करणे, बिअर नितळ राखणे अशा कामांसाठी परदेशात त्याला मागणी होती. (जैन घरातला उद्योजक आणि हे शेवटचे दोन उपयोग, याची गंमत जळगावकरांच्या नजरेतून सुटली नसणार.) शुद्ध पपेन निर्यात होऊ लागले आणि पिकावर प्रक्रिया केली तर खानदेशातून थेट परदेशी बाजार गाठता येतो, हे दिसले. शेतकऱ्याकडून माल घ्यायचा, त्यासाठी त्याला आधी पीक शिकवायचे, ही रीत इथे बसली.

१९८० मध्ये पीव्हीसी पाइपांचे उत्पादन सुरू झाले. गिरणेकाठी बांभोरीला, महामार्गालगत जो प्लॅस्टिक पार्क दिसतो, त्याची मुळे या निर्णयात आहेत. मग १९८६ मध्ये जैन इरिगेशन सिस्टिम्स ही कंपनी आली, आणि ठिबक.

ठिबकचा शोध जैन यांनी लावला नाही. इस्रायलमध्ये साठच्या दशकातच त्याचे कारखानदारी उत्पादन सुरू झाले होते आणि भारतातल्या कृषी विद्यापीठांत सत्तरच्या दशकात प्रयोग झाले होते. अडचण वेगळी होती. रावेर-यावलचा केळीवाला पाट भरून पाणी देण्यात वाढलेला. वाफा तुडुंब भरल्याशिवाय त्याला पाणी दिल्यासारखे वाटत नसे. त्याच्यापुढे काळी नळी ठेवायची आणि सांगायचे की यातून थेंब थेंब पडेल तेवढ्यावर केळ पोसेल. वर खर्च एकरकमी आणि दांडगा. राज्य सरकारने ऐंशीच्या दशकाच्या मध्याला अनुदान सुरू केले म्हणून धंदा उभा राहिला, हे निखालस सत्य आहे. गौरवलेखांत ते एका ओळीत उरकले जाते. पण अनुदान नळ्या देते, त्या चालवायला शिकवत नाही.

चालवणे सोपे नव्हतेच. विहिरीच्या पाण्यातले क्षार ड्रिपरच्या तोंडाशी साचून ते बंद पडायचे. मग आम्लप्रक्रिया कशी करायची, फिल्टर रोज का धुवायचा, हे शेतात उभे राहून दाखवावे लागे. उंदीर आणि खारी नळ्या कुरतडत. एका ओळीतली दहा झाडे कोरडी राहिली की शेतकरी नळी गुंडाळून बांधावर टाकायचा आणि पुन्हा पाट सोडायचा. त्यामुळे विक्रीइतकीच माणसे शिकवण्यासाठी लागत. कृषी पदवीधर तरुण मोटारसायकलवर बसून गावोगाव जाऊ लागले. ओलावा किती खोल गेलाय ते खड्डा करून दाखवू लागले. मूठभर माती दाबून वाफसा (मातीतला हवा तेवढा ओलावा) म्हणजे काय हे नव्याने सांगू लागले. रात्रीच्या विजेवर पाणी भरायला जाणाऱ्याची झोप वाचली, हा फायदा जाहिरातीत फारसा नसे, पण बांधावर तोच आधी पटला.

शिरसोली रस्त्यावरची उजाड टेकडी, आजची जैन हिल्स, याच शिकवण्याच्या गरजेतून महत्त्वाची झाली. मुरमाड उतारावर बांध घालून, पाणी अडवून, झाडे लावून ती शेतकऱ्यांपुढे उभी केली. तिथे प्रशिक्षण केंद्र आले आणि परराज्यांतून शेतकऱ्यांच्या बसगाड्या येऊ लागल्या. ‘हे तर आमच्या बरड्यापेक्षा वाईट रान होते’ असे पाहुण्याने स्वतःहून म्हणणे हा त्या टेकडीचा खरा उपयोग.

खानदेशाच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल मात्र केळीत झाला, आणि तो नव्वदच्या दशकातला. तोवर इथे बसराई ही जात होती. कंद लावायचे, ५ बाय ५ फुटांवर, आणि दीड वर्ष वाट पाहायची. बाग एकसारखी निसवत नसे, म्हणजे घड एकाच वेळी बाहेर पडत नसत. कापणी महिनोन् महिने रेंगाळे. प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने तयार केलेली ग्रँड नैन जातीची रोपे आली, त्यांना ठिबक आणि नळीतूनच विद्राव्य खत मिळाले, आणि वर्षाच्या आतबाहेर घड कापणीला येऊ लागला. पावसाळ्याच्या तोंडाशी लावायची मृगबाग आणि पावसाळ्याअखेरची कांदेबाग यांची जुनी गणिते बदलली. पिलबाग, म्हणजे जुन्या झाडाच्या पिलांवरचे पुढचे पीक, ठेवणे परवडू लागले. रास, म्हणजे घडांचे सरासरी वजन, वाढली. सावदा-रावेरहून रेल्वेने दिल्लीकडे जाणारी केळी खानदेशाने पूर्वीही पाहिली होती, पण निर्यातीच्या दर्जाची केळी हा शब्दप्रयोग केळी पिकवणाऱ्या लेवा पाटलांच्या ओसरीवर रुळला तो यानंतर. या बदलात कृषी विद्यापीठे, इतर कंपन्या आणि खुद्द शेतकऱ्यांचे धाडस यांचाही वाटा आहे. तरी रोपे, नळ्या, खते आणि सल्ला एकाच दारातून मिळणे यामुळे वेग आला तो जैन यांच्यामुळे.

त्याच दशकात घसरणही झाली. भांडवली बाजारातून पैसा उभा राहिला होता. कंपनी वित्तपुरवठा, माहिती-तंत्रज्ञान, ग्रॅनाइट अशा अनोळखी रानात शिरली आणि पोळून निघाली. ते सगळे आवरून शेतीकडे परतायला, कर्जे फेडायला आणि नवे भागीदार शोधायला पुढची काही वर्षे गेली. मला हा अध्याय सात हजारांपेक्षा जास्त शिकवणारा वाटतो, कारण चाळिशीतली जिद्द साठीत पुन्हा दाखवणे वेगळे. परतल्यावर कांदा निर्जलीकरणाचा व्याप वाढला. पांढऱ्या कांद्याची करारशेती आली; लावणीआधीच किमान भाव जाहीर करण्याची तिची पद्धत होती. बाजारात कांदा मातीमोल झाल्याच्या वर्षी त्या आकड्याची किंमत कळायची.

पुढचे सर्वांना माहीत आहे. अमेरिका आणि इस्रायलमधल्या ठिबक कंपन्या घेतल्या. इस्रायलची नानदान हे त्यातले ठळक नाव. २००८ मध्ये पद्मश्री. २५ मार्च २०१२ रोजी जैन हिल्सवर गांधी तीर्थ या गांधीजींवरच्या संग्रहालयाचे उद्घाटन तेव्हाच्या राष्ट्रपती, जळगावच्याच प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. पत्नी कांताबाई यांच्या नावाने गिरणेवर कांताई बंधारा झाला.

२५ फेब्रुवारी २०१६ ला मुंबईत त्यांचे निधन झाले, वयाच्या ७८ व्या वर्षी. महाराष्ट्र तेव्हा सलग दुसऱ्या दुष्काळात होरपळत होता. पुढे दीडेक महिन्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावली. पाणी वाचवा म्हणणारा माणूस नेमका त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी गेला, असे तेव्हा अनेकांनी बोलून दाखवले.

त्यांच्या पश्चात कंपनीची वाट सरळ राहिली नाही. विस्तारासाठी काढलेले कर्ज आणि सरकारी अनुदानाची रखडलेली येणी यांच्या कात्रीत ती सापडली, २०१९ मध्ये हप्ते थकले, आणि २०२२ मध्ये बँकांशी पुनर्रचना झाली. परदेशातला सिंचन व्यवसाय २०२३ मध्ये रिव्हुलिस या कंपनीत विलीन झाला. अभिवादनाच्या लेखांत हे येत नाही. यायला हवे, कारण कर्ज काढून वेगाने वाढायचे ही सवयही भाऊंच्याच काळातली, आणि अनुदानावर उभ्या असलेल्या धंद्याला सरकारी फाइलीच्या गतीने चालावे लागते, हा धोकाही तेव्हापासूनचा.

दुसरी एक गोष्ट जास्त बोचरी आहे. रावेर आणि यावल हे ठिबकखालच्या केळीचे पट्टे आज भूजलाच्या अतिउपशासाठी ओळखले जातात. ठिबकने एका झाडामागचे पाणी वाचवले. वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्याने आणखी झाडे लावली. बोअर खाली गेले. यात शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण जे पीक पैसा देते तेच तो वाढवणार. नळीने वापर मोजता येतो, जमिनीखालच्या साठ्याची वाटणी नळी करू शकत नाही. तापीच्या खोऱ्यात पुनर्भरणाची मोठी योजना वर्षानुवर्षे कागदावर फिरते आहे. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने तिच्यासाठी करार केला. कांताई बंधाऱ्यासारखी कामे त्याच विचाराची छोटी रूपे होती, पण ती एका कंपनीच्या आवाक्यातली.

जळगावात काव्यरत्नावली चौकाजवळ त्यांच्या नावाची बाग आहे, भाऊंचे उद्यान. संध्याकाळी तिथे पोरे खेळतात आणि ज्येष्ठ मंडळी बाकांवर बसून केळीच्या भावाची चर्चा करतात. रावेरला आज काय भाव निघाला, व्यापाऱ्याने किती कापले, निर्यातवाल्याने घड का नाकारले, असेच विषय असतात.