अश्वारोहण व तबेल्यातील निगा : प्राथमिक पात्रता परीक्षेची तयारी

घोड्यावर सुरक्षितपणे बसता येणे आणि जाणत्याच्या देखरेखीखाली घोड्याची रोजची निगा राखता येणे, या दोन गोष्टींची पहिल्या पायरीवर घेतली जाणारी परीक्षा. घोड्यांच्या व्यवसायात नोकरी शोधणारे, पुढे प्रशिक्षक होऊ पाहणारे आणि स्वतःचा घोडा घेण्यापूर्वी हात बसवून घेणारे, असे तिन्ही प्रकारचे लोक ती देतात. ब्रिटनमधील ब्रिटिश हॉर्स सोसायटीची (स्थापना १९४७) ‘स्टेज १’ ही या प्रकारातली सर्वांत परिचित परीक्षा आहे. तीत निगा आणि सवारी असे दोन भाग असतात व तिथून वर स्टेज ५ पर्यंत शिडी जाते. मुलांसाठी तिथल्याच पोनी क्लबच्या (स्थापना १९२९) ‘ई’पासून ‘ए’पर्यंत चढत जाणाऱ्या चाचण्या आहेत. नावे आणि नियम संस्थेगणिक बदलतात, पण पहिल्या पायरीवरचा अभ्यास सगळीकडे बराचसा सारखाच असतो.

तयारी करणाऱ्याचा ओढा साहजिकच सवारीकडे असतो. तासन्‌तास दुडकी आणि कँटर (दुडकीहून वेगवान दौड) घोटले जातात आणि तबेल्यातले काम ‘ते काय, येतेच’ म्हणून राहून जाते. गोची तिथेच होते. या पातळीवर परीक्षकाला कसब बघायचे नसते. हा माणूस उद्या सकाळी एकटा घोड्याजवळ गेला तर घोडा आणि माणूस दोघेही धडधाकट राहतील ना, एवढेच त्याला पाहायचे असते. त्याचे उत्तर खोगिरावर बसण्याच्या कितीतरी आधी मिळून जाते.

घोड्याजवळ जाणे : ‘साहेबाच्या पुढे आणि घोड्याच्या मागे जाऊ नये’ ही म्हण निम्मी तरी शास्त्रशुद्ध आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चौफेर दिसते, पण कपाळाच्या अगदी पुढचा आणि शेपटीमागचा असे दोन पट्टे नजरेबाहेर राहतात. तिथून अचानक काही आले की तो आधी लाथ मारतो किंवा पळतो, चौकशी नंतर. म्हणून बोलत बोलत, खांद्याच्या दिशेने जायचे. म्होरकी चढवल्यावर त्याला चालवताना माणूस रिवाजाने घोड्याच्या डाव्या बाजूला असतो. उजवा हात म्होरकीच्या थोडा खाली दोरावर, उरलेला दोर डाव्या हातात, आणि कोणत्याही परिस्थितीत दोराचा वेढा पंजाभोवती नाही. वळवताना घोड्याला आपल्यापासून दूर, उजवीकडे वळवायचे. आपल्याकडे ओढून वळवला तर त्याचा खूर आपल्या पायावर पडण्याची शक्यता जास्त.

गाठ : संपूर्ण परीक्षेचे सार एका गाठीत दिसते. भिंतीतल्या लोखंडी कडीला आधी सुतळीचा एक फास बांधलेला असतो आणि म्होरकीचा दोर थेट कडीत न अडकवता त्या फासात बांधतात. थेट कडीला बांधलेला घोडा बिचकला आणि सगळ्या ताकदीनिशी मागे रेटला, तर दोर तुटत नाही, कडी निघत नाही आणि सगळा ताण त्याच्या मानेवर येतो. सुतळी मात्र वेळेवर तुटते. गाठसुद्धा सुटी, म्हणजे मोकळे टोक खेचताच उलगडणारी हवी. दोर फासातून ओवायचा, त्याची एक वेटोळी करायची, दुमडलेला दोर त्या वेटोळीतून ओढून घ्यायचा आणि घट्ट करायचे. बोट वेटोळीत अडकवून ठेवायचे नाही. तेवढ्या एका क्षणात घोड्याने मान उडवली तर बोट जाते. काही हुशार घोडे ते टोक दातांनी ओढून स्वतःच मोकळे होतात. त्यांच्यासाठी टोक शेवटच्या फासातून परत ओवून ठेवतात. ही गाठ परीक्षेआधी शंभरदा बांधावी, डोळे मिटूनही बांधावी. परीक्षकाच्या नजरेखाली बोटे आपोआप चालत नसतील तर ती थरथरतात.

खरारा व साज : खरारा करताना क्रमाला महत्त्व आहे. आधी खूर साफ करायचे. घोड्याच्या शेपटीकडे तोंड करून उभे राहायचे, खांद्यापासून हात पायावरून खाली नेत खूर उचलायला लावायचा आणि आकड्याने टाचेकडून पुढच्या टोकाकडे माती काढायची. तळव्यावरचा त्रिकोणी मऊ भाग म्हणजे फ्रॉग, त्याला आकडा लागू द्यायचा नाही. अंगावरचा वाळलेला चिखल राठ ब्रशने निघतो. पातळ कातडीच्या जागी, पोटाखाली आणि तोंडावर मऊ ब्रशच वापरायचा. डोळ्यांचा आणि शेपटीखालचा स्पंज वेगवेगळा असतो. हे सांगावे लागते, कारण विसरले जाते.

खोगीर ठेवताना ते थोडे पुढे, मान आणि पाठ मिळतात त्या उंचवट्यावर (विदर्स) टेकवून मागे सरकवतात, म्हणजे खालचे केस नीट बसतात. उलटे केस दाबले गेले तर पाठ सोलते. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) एकदम आवळायचा नाही. एक भोक, थोडी वाट, मग पुढचे. लगाम चढवण्याआधी रास मानेवरून टाकून घ्यायची, म्हणजे म्होरकी काढल्यावरही घोडा हाताशी राहतो. गळपट्ट्याखाली चार बोटे उभी मावावीत आणि नाकपट्ट्याखाली दोन, ही मापे तोंडपाठ असलीच पाहिजेत. त्याहून महत्त्वाचे हे की ती खरोखर हाताने तपासताना दिसली पाहिजेत.

तबेला साफ करणे हा सर्वांत कमी प्रतिष्ठेचा आणि बहुधा सर्वांत खरा भाग. लीद आणि ओला पेंढा आधी, मग कोरडा पेंढा बाजूला सारून जमीन झाडणे, मग अंथरूण पुन्हा पसरणे. कडेने पेंढ्याचा बांध उंच ठेवतात, कारण घोडा भिंतीलगत लोळला तर पाय अडकून तो उठू शकत नाही. मूत्रातून सुटणारा अमोनिया घोड्याच्या फुप्फुसांना त्रासदायक असतो, तेव्हा दिसायला स्वच्छ आणि नाकाला स्वच्छ यांत फरक करायला शिकावे. काम संपल्यावर फावडे आणि ढकलगाडी कुठे ठेवली, हेही पाहिले जाते. घोड्याच्या पायात उभे राहिलेले फावडे अनेक चांगल्या उत्तरांवर पाणी टाकते.

आहार व आरोग्य : घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते, साधारण ८ ते १५ लिटर, आणि तंतुमय वैरणीचे बरेचसे पचन मागच्या मोठ्या आतड्यात सूक्ष्मजीवांकरवी होते. ‘थोडे पण वारंवार’ या नियमामागे हे कारण आहे. ५०० किलोच्या घोड्याला दिवसाला सुमारे १० किलो, म्हणजे वजनाच्या २ टक्के, आणि त्यातला मोठा वाटा वैरणीचा. चंदी (दाणा) कामानुसार. आहारातला कोणताही बदल हळूहळू करायचा, नाहीतर आतड्यातल्या सूक्ष्मजीवांचा तोल ढळतो आणि पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटशूळ ही नेहमीच गंभीर बाब. पाणी मात्र सदैव समोर हवे. वैरणीची जाळी डोळ्यांच्या उंचीवर बांधावी, कारण रिकामी झाली की ती लोंबते आणि त्यात खूर अडकतो.

निरोगी प्रौढ घोड्याचे विश्रांतीतले आकडे पाठ हवेत : तापमान सुमारे ३८ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. नाडी जबड्याच्या खालच्या कडेवरच्या धमनीवर बोटांनी लागते. ती शोधायला पहिल्यांदा पाचएक मिनिटे लागतात, म्हणून हा प्रयोग परीक्षेच्या दिवसासाठी राखून ठेवू नये. विषारी वनस्पतींत रॅगवर्ट नक्की विचारतात. ताजी असताना तिची कडू चव घोड्याला आवडत नाही. वाळलेल्या गवतात मात्र कडूपणा जातो, विष राहते आणि यकृत निकामी होते.

उंचीच्या मापात मराठी वाचकाची फसगत होते. घोड्याचा ‘हँड’ म्हणजे आपला कोपरापासूनचा हात नव्हे. तो ४ इंचांचा, पंजाच्या रुंदीचा असतो. आणि १४.२ म्हणजे चौदा पूर्णांक दोन दशांश नव्हे, तर चौदा हँड आणि वर दोन इंच. त्यामुळे १४.३ नंतर थेट १५ येते. मोजमाप विदर्सपर्यंत असते, डोक्यापर्यंत नाही.

सवारी : चढण्याआधी तंग पुन्हा तपासायचा आणि चौरंगावरून चढायचे, जमिनीवरून चढताना खोगीर एका बाजूला ओढले जाते. मांड पक्की असल्याची खूण म्हणजे स्वाराचा कान, खांदा, कंबर आणि टाच एका सरळ रेषेत येणे. चाल चार ठोक्यांची (ठोका म्हणजे खूर जमिनीवर पडण्याचा आवाज), दुडकी दोन, कँटर तीन. दुडकीतली उठबस नीट जमण्यासाठी घोड्याच्या पायांकडे बघावे लागते : रिंगणाच्या बाहेरच्या बाजूचा त्याचा खांदा पुढे जाताना उठायचे, मागे येताना बसायचे. दिशा बदलली की एक ठोका जास्त बसून जोडी (दुडकीत एकदम पडणारे तिरकस समोरचे दोन पाय) बदलायची. सुरुवातीला खांद्याकडे बघून हे कळते, नंतर बैठकीखालूनच कळू लागते. रिकिबी न घेता बसणे कंटाळवाणे वाटते, पण मांड बसवायला त्याला तोड नाही. २० बाय ४० मीटरच्या रिंगणात इतर घोडेही असतात. समोरून येणाऱ्याला डाव्या हाताला डावा हात करून जाऊ द्यायचे, पुढच्यापासून किमान एका घोड्याचे अंतर राखायचे.

सवारीची तयारी एकाच लाडक्या घोड्यावर करू नये. परीक्षेत अनोळखी घोडा मिळतो, तो कदाचित आळशी, कदाचित फारच उत्सुक. निरनिराळ्या घोड्यांवर बसलेला उमेदवार पहिल्या दोन फेऱ्यांत पाय आणि हाताची मात्रा ठरवतो. एकाच घोड्यावर शिकलेला पूर्ण तास तक्रार करतो.

तोंडी प्रश्न कामाबरोबरच चालतात आणि बहुतेक ‘का?’ने सुरू होतात. म्हणून सराव करताना तोंडाने बोलत काम करण्याची सवय लावावी. सुरुवातीला ओशाळवाणे वाटते. शिवाय पोशाखही बघतात : मानकानुसार असलेले आणि हनुवटीखाली बांधलेले हेल्मेट (एकदा जोरात आदळले की नवे), रिकिबीतून पाय आरपार जाऊ नये म्हणून थोडी टाच असलेले बूट, दोर धरण्यासाठी हातमोजे, अंगठ्या-कानातले काहीही नाही.

उतरल्यावर रिकिबी वर सरकवायच्या, तंग सैल करायचा, घोडा ठाणावर न्यायचा, पाणी आहे ना पाहायचे. मग दार. तबेल्याच्या खालच्या दाराला दोन कड्या असतात, एक वर हाताशी आणि एक तळाशी पायाने लावायची. वरची घोड्याला तोंडाने उघडता येते, तळाची येत नाही.