फ्लिपरचा चर

अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात, लॉटन शहराजवळच्या फोर्ट सिल या लष्करी तळावरचा पाणी निचऱ्याचा चर. १८७८-७९ च्या सुमारास दहाव्या घोडदळाचे लेफ्टनंट हेन्री ओसियन फ्लिपर (१८५६–१९४०) यांनी तो आखला आणि खोदून घेतला. गुलाम म्हणून जन्मलेल्या, वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीतून पदवी घेणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय अधिकाऱ्याचे हे काम आज राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे.

फोर्ट सिल १८६९ मध्ये जनरल शेरिडन यांनी वसवला. कायोवा आणि कोमांची या मूळ अमेरिकी जमातींचा हा मुलूख तेव्हा इंडियन टेरिटरीत, म्हणजे अशा जमातींसाठी राखलेल्या प्रदेशात मोडत असे. तळाभोवतीच्या सपाटीवर पावसाचे पाणी साचून डबकी होत आणि शिपाई हिवतापाने आजारी पडत. हिवताप कशाने होतो हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. त्याचा परजीवी फ्रेंच डॉक्टर लाव्हराँ यांना दिसला १८८० मध्ये, आणि डासाचा हात असल्याचे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत दाखवून दिले ते १८९७ मध्ये. कुजक्या पाण्याची हवा बाधते, एवढीच समजूत होती. कारण चुकीचे असले तरी साचलेले पाणी काढून देणे हा उपाय मात्र अचूक होता.

पाणी काढून देण्याचा आधीचा एक प्रयत्न फसला होता. सपाट माळावर ढाळ काढणे हे डोंगरउतारावर चर खोदण्यापेक्षा अवघड असते. उतार इतका थोडा मिळतो, की थोड्या अंतरात चरात कुठे वीतभर उंचवटा राहिला तरी पाणी तिथेच तुंबते. आणि ढाळ जास्त दिला तर शेवटाला चर फार खोल जातो व त्याचे काठ ढासळू लागतात. अशा जागी नजरेवर विसंबून चालत नाही. दुर्बीण लावायची, ठरावीक अंतरावर पट्टी धरून पातळी वाचायची, वहीत मांडायची आणि तेवढेच खोल खणायचे. फ्लिपर यांनी हेच केले. भोवतालच्या जमिनीच्या चढउतारामुळे या चरातले पाणी चढावर वाहते आहे असा भास होतो, असे त्याचे वर्णन केले जाते. पाणी अर्थात उतारावरच वाहत होते. डबकी आटली, हिवतापाला आळा बसला आणि चराला फ्लिपर यांचेच नाव पडले.

ही विद्या त्यांनी वेस्ट पॉइंटमध्ये मिळवली होती. जॉर्जियातील थॉमसव्हिल येथे जन्मलेले फ्लिपर १८७३ मध्ये तिथे दाखल झाले. चार वर्षे गोऱ्या सहाध्यायांनी त्यांच्याशी कामापुरतेही फारसे बोलणे ठेवले नाही. १८७७ मध्ये ७६ जणांच्या तुकडीत ते पन्नासावे आले. नेमणूक मिळाली ती ‘बफेलो सोल्जर्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीय शिपायांच्या दहाव्या घोडदळात, जिथले अधिकारी तोवर सगळे गोरे होते. फोर्ट सिलच्या काळात त्यांनी रस्त्याचे व तारयंत्राच्या लाइनीचेही काम पाहिले. १८८० मध्ये अपाची नेता व्हिक्टोरियो याच्याविरुद्धच्या मोहिमेत निरोप घेऊन त्यांनी २२ तासांत सुमारे ९८ मैल घोडा दौडवला.

पुढे टेक्सासमधील फोर्ट डेव्हिस येथे रसदीचा हिशेब त्यांच्याकडे असताना रकमेत तूट निघाली. ती गुपचूप भरून काढण्याच्या नादात त्यांनी वरिष्ठांना खोटी माहिती दिली, आणि तेच अंगाशी आले. गावकऱ्यांनी व स्नेह्यांनी पैसे उभे करून तूट भरून दिली. कोर्ट मार्शलने अफरातफरीच्या आरोपातून त्यांना निर्दोष सोडले, पण अधिकाऱ्याला न शोभणाऱ्या वर्तनाबद्दल दोषी ठरवले. ३० जून १८८२ रोजी त्यांना सैन्यातून बडतर्फ केले गेले. गुन्ह्याच्या मानाने ही शिक्षा फार कठोर होती, यात शंका घ्यायला जागा नाही.

वर्दी गेली, दुर्बीण राहिली. मेक्सिकोतील चिवावा प्रांतात आणि ॲरिझोनातील नोगालेस येथे त्यांनी मोजणीदार व स्थापत्य अभियंता म्हणून बस्तान बसवले. या सरहद्दीवर जमिनीचे भांडण म्हणजे गुरांच्या कुरणाचे भांडण. स्पेन आणि मेक्सिकोच्या सरकारांनी पूर्वी गुराख्या घराण्यांना दिलेली इनामे ‘सितिओ दे गानादो मायोर’ या मापात मोजलेली असत. मोठ्या गुरांच्या चराईचा हा एक घटक, म्हणजे एक चौरस लीग, सुमारे ४,३०० एकर. सनदा स्पॅनिशमध्ये, खुणा एखाद्या ओढ्याच्या वळणाच्या किंवा टेकडीच्या, आणि मधल्या काळात तिथे गावे उभी राहिलेली. नोगालेस गावाखालची जमीनच अशा एका इनामात जाते असा दावा होता. फ्लिपर यांना स्पॅनिश येत होते, कायदा वाचता येत होता आणि साखळी धरून जमीन मोजता येत होती. त्यांची मोजणी व साक्ष गावकऱ्यांच्या कामी आली आणि १८९३ मध्ये अशा इनामांच्या दाव्यांसाठी नेमलेल्या खास न्यायालयाने तो दावा फेटाळला. त्यानंतर १९०१ पर्यंत ते याच न्यायालयासाठी अमेरिकी न्याय खात्याचे विशेष प्रतिनिधी होते. चराइतकेच, किंबहुना जास्तच, हे काम त्यांच्या अभियांत्रिकीचा कस सांगते. पण त्याची आठवण फारशी निघत नाही.

पुढे मेक्सिकोतील खाणी, १९२१ पासून वॉशिंग्टनमध्ये अंतर्गत खात्याच्या मंत्र्यांचे साहाय्यक, मग व्हेनेझुएलातील तेल कंपनी असा त्यांचा प्रवास झाला. बडतर्फी रद्द व्हावी म्हणून ते वारंवार दाद मागत राहिले, ती त्यांच्या हयातीत मिळाली नाही. १९४० मध्ये अटलांटा येथे त्यांचे निधन झाले. १९७६ मध्ये लष्कराच्या मंडळाने शिक्षा अवाजवी कठोर ठरवून बडतर्फीऐवजी सन्मानाने सेवामुक्ती अशी नोंद केली. चराला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा १९७७ मध्ये मिळाला आणि १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी फ्लिपर यांना मरणोत्तर माफी दिली.